सिव्हिल इंजिनीअरिंगला प्रवेश घ्यायचाय? कमी खर्चात चांगलं कॉलेज कसं ओळखायचं

बारावीचा निकाल लागतो, एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाईल हातात येतात आणि पुढच्या काही आठवड्यांत घरातला एक मोठा आर्थिक निर्णय घाईघाईत उरकला जातो. कॉलेजांची नावं कुणीतरी सुचवलेली असतात, शुल्काचे आकडे ऐकीव असतात आणि पसंतीक्रम बऱ्याचदा सायबर कॅफेत बसून भरला जातो. या घाईची किंमत मात्र चार वर्षं मोजावी लागते.

सिव्हिल म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीच्या बाबतीत ही घाई आणखी महागात पडू शकते. सध्या ओढा कॉम्प्युटर आणि एआयकडे आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यानंतर मागणी असलेल्या शाखांच्या जागा वाढवायला कॉलेजांना मोकळीक मिळाली. सिव्हिलला तुलनेने कमी पर्सेंटाईलवर प्रवेश मिळतो. त्यामुळे सिव्हिलची जागा मिळणं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते परवडणारी आणि जिथे खरंच शिकवलं जातं अशी जागा ओळखणं.

सुदैवाने ही पारख करायला तज्ज्ञ असावं लागत नाही. दोन गोष्टी सांभाळल्या तरी बरंच काम होतं. पहिली, वर्षाच्या शुल्काकडे न बघता चार वर्षांचा एकूण खर्च काढायचा. दुसरी, कॉलेजच्या नावापेक्षा तिथला सिव्हिल विभाग तपासायचा.

आधी कॉलेजांचे प्रकार समजून घेऊ

महाराष्ट्रात सिव्हिलची पदवी साधारण चार प्रकारच्या संस्थांमध्ये मिळते.

पहिला प्रकार केंद्र सरकारच्या संस्थांचा. आयआयटी मुंबई आणि नागपूरचं व्हीएनआयटी या दोन्हीकडे सिव्हिल शाखा आहे. आयआयटीसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड आणि एनआयटीसाठी जेईई मेन द्यावी लागते. एनआयटीमधल्या निम्म्या जागा त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात, त्यामुळे व्हीएनआयटीत महाराष्ट्राच्या मुलांना फायदा होतो. शुल्काचा आकडा मोठा दिसतो, पण एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं. ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न १ लाखाच्या आत आहे त्यांनाही ते माफ असतं आणि १ ते ५ लाख उत्पन्न असलेल्यांना दोन तृतीयांश माफी मिळते.

दुसरा प्रकार राज्यातल्या सरकारी आणि अनुदानित संस्थांचा. पुण्याची सीओईपी १८५४ साली सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईत माटुंग्याची व्हीजेटीआय आणि अंधेरीचं सरदार पटेल कॉलेज, सांगलीचं वालचंद कॉलेज, नांदेडची एसजीजीएस संस्था, तसंच कराड, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजं ही या गटातली जुनी नावं. गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी फर्मागुडीचं गोवा कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग हे सरकारी कॉलेज आहे.

तिसरा प्रकार खासगी विनाअनुदानित कॉलेजांचा. सर्वाधिक जागा इथेच आहेत. त्यांचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. ही व्यवस्था २०१५ च्या कायद्याने झाली. कोणत्या कॉलेजला किती शुल्क मंजूर आहे हे प्राधिकरणाच्या वेबसाईटवर बघता येतं. त्यापेक्षा जास्त रक्कम मागितली जात असेल, तर ती कशासाठी हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

चौथा प्रकार खासगी आणि अभिमत विद्यापीठांचा. त्यांची प्रवेशप्रक्रिया आणि शुल्करचना वेगळी असते. राज्य सरकारच्या शुल्क सवलतींच्या अनेक योजना तिथे लागू होत नाहीत. चकचकीत कॅम्पस बघून भारावून जाण्याआधी हा मुद्दा तपासायला हवा.

वर्षाचं शुल्क सोडा, चार वर्षांचं बिल काढा

‘सरकारी म्हणजे स्वस्त, खासगी म्हणजे महाग’ हे समीकरण बहुतेकांच्या डोक्यात पक्कं असतं. शुल्कापुरतं ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण विद्यार्थ्याचा खर्च फक्त शुल्काचा नसतो. राहणं, मेस, प्रवास, पुस्तकं आणि परीक्षा शुल्क धरलं की चित्र बदलतं. शिष्यवृत्ती वजा केली की आणखी बदलतं.

एक हिशोब करून बघू. यातले आकडे फक्त उदाहरणादाखल घेतलेले आहेत.

एक कॉलेज घराजवळचं आणि खासगी आहे. शिक्षण शुल्क १,००,००० रुपये, विकास व इतर शुल्क १०,००० रुपये आणि वर्षाचा बसचा खर्च १८,००० रुपये. म्हणजे वर्षाला १,२८,००० आणि चार वर्षांचे ५,१२,००० रुपये.

दुसरं कॉलेज दूरच्या शहरातलं आणि सरकारी आहे. शिक्षण शुल्क २५,००० रुपये, इतर शुल्क १०,००० रुपये, वसतिगृह आणि मेस ६०,००० रुपये, गावी ये-जा ८,००० रुपये. वर्षाला १,०३,००० आणि चार वर्षांचे ४,१२,००० रुपये.

इथपर्यंत सरकारी कॉलेज १ लाखाने स्वस्त आहे. आता शुल्क सवलत धरू:

- विद्यार्थ्याला शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळाली, तर खासगी कॉलेजचा चार वर्षांचा खर्च ३,१२,००० रुपयांवर येतो आणि सरकारी कॉलेजचा ३,६२,००० रुपयांवर. म्हणजे खासगी कॉलेज ५०,००० रुपयांनी स्वस्त पडतं.
- शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं, तर खासगी कॉलेजचा खर्च १,१२,००० आणि सरकारी कॉलेजचा ३,१२,००० रुपये होतो. फरक थेट २ लाखांचा.

याचा अर्थ घराजवळचं खासगी कॉलेज नेहमी बरं, असा नाही. दूरच्या सरकारी कॉलेजमध्ये विभाग चांगला असेल, तर चार वर्षांत ५०,००० रुपये जास्त घालणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण तो निर्णय खरा आकडा समोर ठेवून व्हायला हवा. प्रत्येक घराचा हा तक्ता वेगळा असतो. प्रवर्ग, उत्पन्न, घरापासूनचं अंतर आणि वसतिगृह मिळण्याची शक्यता यांवर तो ठरतो.

वसतिगृहाचं गणित वेगळं लिहून ठेवावं. सरकारी वसतिगृहात जागा मिळेलच याची खात्री नसते. ती मिळाली नाही आणि बाहेर खोली घेऊन वर्षाला ६०,००० च्या जागी ९०,००० रुपये लागले, तर चार वर्षांचा खर्च १,२०,००० रुपयांनी वाढतो.

कोणत्या सवलती मिळू शकतात?

योजना बऱ्याच आहेत, पण त्यांच्या अटी नीट वाचाव्या लागतात. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचे असतात.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या विद्यार्थ्यांना ५० टक्के शिक्षण शुल्काची सवलत मिळते. ती कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत मर्यादित आहे. मागास प्रवर्गांसाठी स्वतंत्र योजना आहेत आणि त्यांत प्रवर्गानुसार निम्म्यापासून पूर्ण शुल्कापर्यंत मदत मिळते.

मुलींसाठी महत्त्वाचा बदल २०२४-२५ पासून झाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळते. प्रवेश मात्र सरकारी प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा लागतो.

टीएफडब्ल्यूएस ही योजना बऱ्याच पालकांना उशिरा कळते. यात मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात आणि त्यांवर शिक्षण शुल्क माफ असतं. उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे आणि जागा गुणवत्तेनुसार मिळते. कॅपच्या अर्जात या जागांचे कोड वेगळे असतात. ते पसंतीक्रमात स्वतंत्रपणे टाकले नाहीत, तर पात्र असूनही ही जागा मिळत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. माफी फक्त शिक्षण शुल्काची असते, बाकी शुल्क भरावं लागतं. आणि या जागेवर प्रवेश घेतल्यावर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांकरता डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे.

सगळ्यात मोठी अडचण कागदपत्रांची होते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमी लेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र ही कागदं बारावीच्या परीक्षेआधीच तयार असावीत. जात वैधता वेळेत मिळाली नाही म्हणून राखीव जागा हातची जाणं आणि पूर्ण शुल्काचा बोजा अंगावर येणं, हे टाळता येण्यासारखं नुकसान आहे.

आणखी एक खबरदारी. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा जमा होऊ शकते. पात्र विद्यार्थ्यांकडून सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी भरून घेऊ नये, अशा सूचना सरकारने कॉलेजांना दिलेल्या आहेत. तरीही प्रवेशाच्या दिवशी नेमके किती पैसे भरावे लागतील, हे आधी विचारून घेतलेलं बरं.

चांगलं कॉलेज म्हणजे नेमकं काय?

कॉलेज नावाजलेलं आहे म्हणजे तिथला सिव्हिल विभाग चांगला असेलच असं नाही. एखाद्या कॉलेजचं नाव कॉम्प्युटरमुळे झालेलं असतं आणि सिव्हिल विभाग कसाबसा चाललेला असतो. याच्या उलट, लहान गावातल्या कॉलेजचा सिव्हिल विभाग जुना आणि भक्कम असू शकतो. म्हणून तपासणी विभागाची करायची.

मान्यता कुणाची? एआयसीटीईची मंजुरी ही किमान अट. त्यापुढे दोन नावं कानावर येतात: नॅक आणि एनबीए. नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन करतं. एनबीए एकेका अभ्यासक्रमाचं करतं. त्यामुळे ‘आमचं कॉलेज एनबीए मान्यताप्राप्त आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. मेकॅनिकलला एनबीए असेल आणि सिव्हिलला नसेल, असं होऊ शकतं. सिव्हिलला मान्यता आहे का आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे एनबीएच्या वेबसाईटवर दिसतं.

परदेशात शिकायचा किंवा काम करायचा विचार असेल, तर एनबीएचं महत्त्व वाढतं. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन करारचा पूर्ण सदस्य आहे. या करारात सदस्य देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त इंजिनीअरिंग पदव्या समतुल्य मानतात. पण भारतातल्या प्रत्येक पदवीला हा लाभ मिळत नाही. एनबीएच्या ‘टियर १’ गटात मान्यता मिळालेल्या अभ्यासक्रमांनाच तो मिळतो. हा गट प्रामुख्याने स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांसाठी आहे.

एनबीए नाही म्हणून कॉलेज वाईटच, असंही नाही. किमान दोन बॅच बाहेर पडल्याशिवाय अर्जच करता येत नाही. पण जुन्या कॉलेजला एनबीए नसेल, तर त्याचं कारण विचारायला हवं.

शिक्षक किती आणि कोण? एआयसीटीईच्या निकषानुसार २० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक असावा. सिव्हिलच्या ६० जागा असतील तर चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी होतात, म्हणजे साधारण १२ शिक्षक हवेत. कॉलेजच्या वेबसाईटवर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ नावाचं पान असतं. तिथे शिक्षकांची यादी मिळते. ती नुसती मोजू नये, वाचावी. स्ट्रक्चर, माती, पाणी, रस्ते, पर्यावरण आणि बांधकाम व्यवस्थापन या विषयांत एम.टेक. किंवा पीएच.डी. केलेले शिक्षक आहेत का? सगळे एकाच विषयाचे असतील, तर बाकीचे विषय कोण शिकवतं?

सरकारी कॉलेजांनाही ही चाचणी लावायला हवी. तिथे पदं रिकामी असतील, तर तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर काम चालतं. नाव जुनं असलं तरी सध्या शिकवतंय कोण, हा प्रश्न उरतोच.

वेळेत पास किती होतात? पहिल्या वर्षाला आलेल्या १०० पैकी किती विद्यार्थी एकही बॅकलॉग न राहता चार वर्षांत पदवी घेतात, हा आकडा एनबीएच्या मूल्यांकनात विचारला जातो. म्हणजे मान्यतेसाठी गेलेल्या विभागाकडे तो असतोच. वर्ष वाया गेलं तर शुल्क वाढतं आणि शिष्यवृत्तीही अडचणीत येऊ शकते. त्यामुळे हा प्रश्न दर्जाचा आहे, तितकाच पैशांचाही आहे.

लॅबमध्ये जाऊन काय बघायचं?

कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला घरी लॅपटॉपवर बरंच शिकता येतं. सिव्हिलचं तसं नाही. काँक्रीट, माती, डांबर आणि पाणी हाताळल्याशिवाय हा विषय कळत नाही. त्यामुळे लॅब हा विभागाचा खरा आरसा. त्यासाठी सत्र चालू असताना एक दिवस कॉलेजला भेट द्यावी.

काँक्रीटपासून सुरुवात करावी. प्रयोगासाठी १५० मिलिमीटर बाजूचे क्यूब बनवून पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी मशीनमध्ये दाबून त्यांची ताकद मोजतात. सत्र चालू असताना क्यूब ठेवायची पाण्याची टाकी कोरडी असेल, तर प्रयोग फक्त जर्नलमध्येच होत असावेत. टाकीत तारखा लिहिलेले क्यूब दिसले, तर तिथे काम चालतं.

सर्वेक्षणाची साधनं बघावीत. जमीन मोजण्यासाठी आज टोटल स्टेशन वापरतात. ती किती आहेत, चालू आहेत का आणि एका वेळी किती विद्यार्थ्यांच्या वाट्याला एक येतं, हे विचारावं. २० जणांच्या बॅचला एकच मशीन असेल, तर दोघेतिघे हाताळतात आणि बाकीचे आकडे उतरवून घेतात. सर्व्हे कॅम्प खरंच मैदानावर होतो का, हेही विचारावं.

मातीची लॅब महाराष्ट्रात विशेष महत्त्वाची. राज्याच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, वाळल्यावर आकसते आणि त्यामुळे पाया हलून भिंतींना तडे जातात. ही माती तपासायला शिकलेला इंजिनीअर कुठेही उपयोगी पडतो.

सर्वात बोलका पुरावा म्हणजे बाहेरचं काम. अनेक कॉलेजांचे विभाग सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका किंवा बिल्डरांसाठी काँक्रीट, लोखंड आणि मातीच्या चाचण्या करून देतात. अशी कामं येत असतील, तर मशीन चालू ठेवावीच लागते आणि तिचं कॅलिब्रेशनही वेळेवर करावं लागतं. विद्यार्थ्यांना खऱ्या कामाचे नमुने बघायला मिळतात. ‘बाहेरचं टेस्टिंग होतं का?’ हा एक प्रश्न माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून जातो.

सॉफ्टवेअरचाही विचार करावा. ऑटोकॅड, स्टॅड प्रो, ईटॅब्स, रेव्हिट ही नावं आता नोकरीच्या जाहिरातींत दिसतात. कॉलेजमध्ये ती शिकवली जात असतील, तर बाहेरच्या क्लासचा खर्च वाचतो.

प्लेसमेंटचा आकडा कसा वाचायचा?

जाहिरातीतल्या सर्वाधिक पॅकेजला सिव्हिलच्या दृष्टीने फारसा अर्थ नसतो. तो एका विद्यार्थ्याचा आकडा असतो आणि बहुधा दुसऱ्याच शाखेचा. विचारायचं ते वेगळं: गेल्या तीन वर्षांत सिव्हिलचे किती विद्यार्थी पास झाले? त्यांपैकी किती जणांना सिव्हिलशी संबंधित काम मिळालं? मधला पगार किती होता? मधला म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा. एकदोन मोठ्या पॅकेजांमुळे सरासरी फुगते, मधला पगार तसा फुगत नाही.

एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांनी दिलेल्या माहितीत मधल्या पगाराचा आणि उच्च शिक्षणाला गेलेल्यांचा आकडा असतो. पण तो सगळ्या शाखांचा मिळून असतो. सिव्हिलचा वेगळा आकडा विभागाकडेच मागावा लागतो.

सिव्हिलच्या बाबतीत प्लेसमेंटमध्ये सगळं चित्र येतही नाही. बरेच विद्यार्थी एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, यूपीएससीची इंजिनीअरिंग सेवा किंवा कनिष्ठ अभियंता पदाच्या परीक्षांची तयारी करतात. काही गेट देऊन एम.टेक.ला किंवा सार्वजनिक कंपन्यांमध्ये जातात. काही घरच्या कंत्राटी व्यवसायात उतरतात. त्यामुळे माजी विद्यार्थी आज कुठे आहेत, हे बघणं जास्त उपयोगी.

कामं नाहीत, असं नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू, मुंबई, पुणे आणि नागपूरच्या मेट्रो ही अलीकडची मोठी उदाहरणं. पण पहिली नोकरी बहुतेकदा साईटवर असते, घरापासून लांब असते आणि सुरुवातीचा पगार आयटीच्या तुलनेत कमी असू शकतो. कर्ज काढून पदवी घेणाऱ्या घरासाठी ही गोष्ट कळीची. पहिल्या पगारातून हप्ता सुटेल का, हा प्रश्न प्रवेशाआधीच विचारायला हवा.

डिप्लोमाचा मार्ग: वेळ तितकाच, खर्च कमी

दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक पर्याय आहे. दहावीनंतर सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. तीन अधिक तीन, एकूण सहा वर्षं. अकरावी-बारावी आणि चार वर्षांची पदवी, हीसुद्धा सहाच वर्षं.

फरक खर्चात आहे. सरकारी तंत्रनिकेतनाचं शुल्क कमी असतं, पदवीचं एक वर्षाचं शुल्क वाचतं आणि सीईटीच्या क्लासचा खर्चही वाचतो, कारण थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो. मध्येच थांबावं लागलं, तरी डिप्लोमावर कनिष्ठ अभियंत्याच्या अनेक भरतींना अर्ज करता येतो. अडचण एकच: डिप्लोमातून आलेल्यांना पदवीचं गणित जड जातं. त्याची तयारी ठेवावी लागते.

पसंतीक्रम भरताना

सगळी माहिती जमवली आणि पसंतीक्रम चुकला, तर मेहनत वाया जाते. २०२५-२६ च्या प्रवेशात कॅपच्या चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी जागा मिळाली, तर तीच घेणं बंधनकारक होतं. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावीच.

यातून एक साधा नियम निघतो. ज्या कॉलेजला जायचं नाही किंवा जे परवडणार नाही, ते यादीत वरच्या क्रमांकावर टाकू नये. यादी ‘काय मिळेल’ या क्रमाने न भरता ‘काय हवंय’ या क्रमाने भरावी. कमी पर्सेंटाईलचं कॉलेज वर टाकल्याने काही फायदा होत नाही, उलट चांगली जागा हुकते. सीईटी सेलच्या वेबसाईटवर मागच्या वर्षांचे कटऑफ असतात. निदान दोन-तीन वर्षांचे बघावेत आणि आपल्या प्रवर्गाचेच बघावेत.

इथे सिव्हिलचा एक फायदाही आहे. ज्या पर्सेंटाईलला नव्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळतं, त्याच पर्सेंटाईलला जुन्या सरकारी कॉलेजात सिव्हिल मिळण्याची शक्यता असते. विषयाची आवड असेल, तर हा सौदा चांगला आहे. आवड नसेल, तर फक्त कॉलेजच्या नावासाठी तो करू नये.

कशापासून सावध राहायचं?

- ‘कॅपची वाट बघू नका, आत्ताच सीट पक्की करा’ असा फोन आला, तर थांबावं. संस्थास्तरीय किंवा मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, तर सरकारच्या बहुतेक शुल्क सवलती मिळत नाहीत.
- पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे.
- पत्राद्वारे किंवा फक्त ऑनलाईन सिव्हिल पदवीच्या जाहिरातींना भुलू नये. दूरस्थ पद्धतीने इंजिनीअरिंग शिकवायला एआयसीटीईची मान्यता नाही आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पदव्यांबाबत कठोर निकाल दिला. नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांसाठी एआयसीटीईने काही कॉलेजांना वेगळे वर्ग मंजूर केले आहेत, ते बघावेत.
- शाखेचं नाव नीट वाचावं. ‘सिव्हिल अँड एन्व्हायर्नमेंटल’सारखी जोडनावं असतील, तर सरकारी भरतीत ती सिव्हिलला समतुल्य धरली जातात का, हे आधी तपासावं. बी.ई. आणि बी.टेक. यांत मात्र पात्रतेच्या दृष्टीने फरक नाही.

हे सगळं एका संध्याकाळी होणार नाही, पण एका आठवड्यात नक्की होतं. आवाक्यातली आठ-दहा कॉलेजं निवडावीत. प्रत्येकासमोर चार रकाने आखावेत: सवलत वजा करून चार वर्षांचा खर्च, सिव्हिलच्या एनबीएची मुदत, शिक्षकांची संख्या आणि लॅबची स्थिती. दोन-तीन कॉलेजांना प्रत्यक्ष जाऊन यावं आणि शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांशी पाच मिनिटं बोलावं. ‘पुन्हा संधी मिळाली, तर इथेच याल का?’ एवढं विचारलं तरी पुरे. जे उत्तर येईल, ते पाचव्या रकान्यात लिहावं आणि मगच पसंतीक्रमाचा अर्ज उघडावा.